एका बाईची सहा नावं

"थापा! सगळ्या थापा! असलं नाव जगात असूच शकत नाही!" — केन टेबलावर मूठ आपटून ओरडत होता आणि त्याच्या ताटातल्या बेक्ड बीन्स माझ्या शर्टावर उडत होत्या. स्लाऊच्या ट्रेडिंग इस्टेटवरचं आमचं गोदाम, त्याचं कॅन्टीन, दुपारची साडेबाराची वेळ. आणि मी — मुकुंद गजानन पेंडसे, मूळ गाव सांगली, ऑफिसातलं नाव माइक — एका अस्सल इंग्रजाला त्याच्याच देशातली आडनावं शिकवत होतो. आधी फेदर, मग स्टोन, मग शेपटीला हॉ, एवढी मालगाडीएवढी अक्षरं लिहायची आणि म्हणायचं काय? फॅनशॉ. उरलेले डबे वाटेत कुठे सुटले ते कुणी विचारायचं नाही. लिहायचं चोल्मोन्डेली, म्हणायचं चमली. लिहायचं मार्जोरीबँक्स, म्हणायचं मार्चबँक्स. केनचा चेहरा बीन्सच्या रंगाचा झाला होता. एक परका माणूस आपल्याला आपल्याच घरातल्या खोल्या दाखवतोय, हे त्याला सहन होत नव्हतं.

तेवढ्यात कॉफी घ्यायला आलेल्या मिसेस बीचम थांबल्या. आमच्या एचआरच्या प्रमुख. त्यांच्या दारावरच्या पाटीवर जे लिहिलेलं असे ते आपल्यासारखा माणूस ब्यूचॅम्प असं वाचेल, पण म्हणायचं बीचम. "तो बरोबर सांगतोय, केन," त्या म्हणाल्या, "आणि इथे रुजू झाला त्या दिवशी माझं नाव पहिल्या फटक्यात बरोबर म्हणणारा तो एकटाच होता." अख्खं कॅन्टीन उभं राहिलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या, मला खांद्यावर घ्यायचं तेवढं बाकी राहिलं.

नाही. हे मी नेहमी असं सांगतो. नऊ माणसं होती आणि त्यातल्या दोघांना डुलकी लागली होती. टाळी एकीनंच वाजवली, तीही माझी थट्टा म्हणून. आज सगळं आहे तेवढंच सांगायचं ठरवलंय.

कारण आज जे सांगायचंय ते मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलीला नाही, वॉटफर्डच्या मित्राला नाही, ज्याला मी माझ्या मूळव्याधीचं ऑपरेशनसुद्धा तीन अंकी नाटकासारखं साग्रसंगीत सांगितलं. माझ्या पोटात गोष्ट राहत नाही हे तुम्हाला एव्हाना कळलं असेलच. ही राहिली. का राहिली असेल? तिच्यात वाढवायला काही नव्हतं म्हणून? की ती आहे तेवढीच पुरेशी होती म्हणून?

थांबा. थेट तिथे जात नाही. आधी मधल्या नावाचं सांगतो.

इंग्रजांकडे मधलं नाव म्हणजे आतल्या खिशातली वस्तू. असते, पण चारचौघांत काढत नाहीत. केनचं मधलं नाव मॉर्टिमर आहे हे कळायला मला चार वर्षं लागली, आणि कळलं तेव्हा त्यानं मला शपथ घालून गप्प केलं. कुण्या मेलेल्या मामेआजोबांचं नाव. एखाद्याला मधलं नाव एक असतं, एखाद्याला तीन, एखाद्याला मुळीच नाही. कुणी आईचं माहेरचं आडनावच मधे कोंबतात. ठरलेला नियम असा नाही. आपल्याकडे कसं? बापाचं नाव मधे, प्रश्नच नाही. माझे वडील गजानन पेंडसे वीज मंडळात कारकून होते. पस्तीस वर्षं मीटरचे आकडे उतरवून निवृत्त झाले. सज्जन माणूस. पण तुम्हीच सांगा, कॅन्टीनमध्ये नऊ माणसांसमोर ही काय गोष्ट झाली?

म्हणून मी त्यांना सांगितलं की गजानन ही आमच्या घराण्याची पदवी आहे. माझ्या खापरपणजोबांनी संस्थानिकाचा पिसाळलेला हत्ती भर बाजारात सोंड धरून थांबवला. राजानं खूश होऊन फर्मान काढलं, की या घरातल्या थोरल्या मुलाच्या नावात हत्ती असलाच पाहिजे. दोन वर्षं ही गोष्ट चालली. दरवर्षी हत्ती थोडा वाढला. नवीन माणूस आला की केनच मला बोलवायचा, "माइक, टेल हिम द एलिफंट!" आडनावांवरून टेबलावर मुठी आपटणारा केन हत्ती मात्र बिनतक्रार गिळायचा. गोदामातला सगळा दिवस मी बँडेज आणि सिरिंजच्या खोक्यांची यादी करणारा एक माणूस असे. पण त्या अर्ध्या तासात — त्या अर्ध्या तासात मी कोणीतरी होतो.

मग ऋजुता आली.

दोन हजार पाच साल. एजन्सीकडून टेम्प म्हणून, तात्पुरत्या कामावर आली, मालाची तपासणी करायला. ऋजुता अनिकेत देशमुख. सोलापूरकडची, बी.फार्म., बत्तीस वर्षांची असेल, बुटकी, चष्मेवाली, कामाला वाघ. आता वाघ म्हटलं तर मी लगेच वाघाची गोष्ट सांगू लागेन, पण नाही — कामाला चोख होती, एवढंच. पहिल्या दिवशी माझं आडनाव ऐकून तिचा चेहरा असा उजळला की काय सांगू. "अय्या, तुम्ही मराठी? मग मी तुम्हाला दादा म्हणणार हं." घरी येऊ लागली. माझ्या बायकोशी, माधवीशी, तिचं गूळपीठ जमलं. तिची आठ वर्षांची मुलगी सई आमच्या सोफ्यावर उड्या मारून मोडक्या मराठीत म्हणायची, "काका, मला तो हत्ती स्टोरी सांगा." त्या पोरीलाही ती गोष्ट आवडायची बघा.

ऋजुता कॅन्टीनमध्ये बसू लागली त्याला आठवडा झाला असेल. कुणीतरी हत्ती मागितला. मी हत्ती सोडला. सोंड, राजा, फर्मान, सगळं. ऋजुता हसत ऐकत होती. शेवटी ती केनला म्हणाली — अगदी साधेपणानं, तिच्या त्या शाळेतल्या इंग्रजीत — "पण गजानन हे यांच्या वडिलांचं नाव आहे. आमच्याकडे सगळ्यांचंच मधलं नाव वडिलांचं असतं."

असं हसू फुटलं, की छत उडालं — हो, उडालं, हे मी कमी करून सांगणार नाही, मला ते उडालेलं दिसलं. "म्हणजे हत्ती तुझ्या बापानं धरला होय?" केन ओरडला. "कुठे, वीज मंडळात?" कारण वीज मंडळही तिनंच पुढच्या मिनिटाला सांगून टाकलं होतं, माझ्या घरी ऐकलेलं, कौतुकानं. मी पण हसलो. फार मोठ्यानं हसलो. तिला कळलंसुद्धा नाही. जिन्यात मला म्हणाली, "दादा, तुम्ही काय मस्त सांगता हो!"

त्यानंतर कुणी मला गोष्ट मागितली नाही. मी काही सांगायला लागलो की केन तिच्याकडे बघायचा. "रिजूटा, इज धिस ट्रू?" आणि ती बिचारी प्रामाणिकपणे सांगायची, की एवढं नाही, थोडंसं. थोडंसं! माझ्या नरड्यावर कुणी इतक्या हलक्या हातानं सुरी फिरवली नव्हती.

हे काही कारण झालं का? नाही. पण दुसरं कुठलं मी शोधू? माझं तिच्याशी भांडण नव्हतं. तिच्या जागेवर माझा डोळा नव्हता. ती माझ्या घरचं जेवत होती. एवढंच — की दुपारी साडेबारा ते एक या वेळात मी पुन्हा खोके मोजणारा माणूस झालो होतो.

तुम्हाला वाटेल हा माणूस उगाच फिरवतोय. फिरवतोयच. तिथे जायला पाय उचलत नाहीत.

बरं. दुसऱ्या वर्षी मार्चमध्ये आमच्याकडे क्वालिटी इन्स्पेक्टरची पक्की जागा निघाली. ऋजुतानं अर्ज केला. मुलाखत उत्तम झाली, सगळ्यांना तीच हवी होती. तिला ती जागा किती हवी होती हे मला ठाऊक होतं, कारण ती आमच्याच स्वयंपाकघरात बसून सांगायची. अनिकेतला, तिच्या नवऱ्याला, चार महिने काम नव्हतं. घरातल्या तिघांचा व्हिसा तिच्या नावावर होता, तो मेमध्ये संपत होता आणि वाढवून घ्यायला पक्की नोकरी दाखवायला लागणार होती. ती मिळाली तर राहतील. नाही तर सई ज्या शाळेत वाचायला शिकली ती शाळा, ते दोन खोल्यांचं घर, सगळं सोडून परत. इतकं सरळ होतं ते.

गुरुवारी सकाळी मिसेस बीचमनी मला बोलावलं. टेबलावर तीन कागद. एक डिग्रीचं सर्टिफिकेट, इंग्रजीत: मंगल शंकर ढोबळे. दुसरी पासपोर्टची झेरॉक्स: ऋजुता अनिकेत देशमुख. तिसरा नगरपालिकेचा विवाह नोंदणीचा दाखला, सगळा मराठीत, खाली जांभळा शिक्का.

"आडनाव मी समजू शकते," मिसेस बीचम म्हणाल्या. "मी काही बीचम म्हणून जन्मले नाही. पण तीनही नावं? पहिलंसुद्धा? तुमच्याकडे असं असतं का? ती म्हणते, हा कागद वाचला की सगळं उलगडेल. तुला नावांमधलं कळतं, माइक. तू वाचून सांग. तुझ्या शब्दावर मी हेड ऑफिसला लिहीन. अधिकृत भाषांतर मागाहून आलं तरी चालेल."

आता ऐका. लग्नात मुलीचं आडनाव बदलतं. मधलं नाव बापाचं जाऊन नवऱ्याचं येतं. आणि पुष्कळ घरांत पहिलंही बदलतात — ताटात तांदूळ पसरायचे, नवऱ्यानं अंगठीनं त्यात नवं नाव लिहायचं, भटजी म्हणतात वाचा, आणि बायका वाकून वाचतात. मिसेस बीचमना हे सांगायला अर्धं मिनिट लागलं असतं. आणि मला हे पुस्तकातून माहीत होतं का? माझ्या स्वतःच्या लग्नात ते तांदूळ मी या हातानं कोरलेत. माझी बायको शोभा म्हणून मांडवात आली आणि माधवी म्हणून बाहेर पडली. तिची आई तिला अजून शोभाच म्हणते. मिसेस बीचमच्या टेबलावर जे तीन कागद होते ते माझ्या घरी कपाटात, निळ्या फाइलमध्ये, फक्त नावं वेगळी, असेच्या असे ठेवलेले आहेत.

दाखला माझ्या समोर होता. विवाहापूर्वीचे नाव: मंगल शंकर ढोबळे. विवाहानंतरचे नाव: ऋजुता अनिकेत देशमुख. टाइप केलेलं, स्वच्छ. मी ते एकदा वाचलं. मग पुन्हा वाचलं.

मला घाई नव्हती. राग आला असता तर बरं झालं असतं, तोही नव्हता. मला एवढंच आठवतं की माझ्या मनात कॅन्टीन आलं. पक्की झाली की ती तिथे रोज असेल. दर दुपारी. निवृत्तीपर्यंत.

इंग्रजांकडून मी आडनावं शिकलो तशी आणखी एक गोष्ट शिकलो होतो. काहीच न बोलता बोलायची त्यांची एक रीत आहे. ओठ थोडे मिटायचे, मान जराशी तिरकी करायची. मी ती केली. आणि म्हणालो, "आय वुडन्ट लाइक टू से." माझ्याच्यानं सांगवणार नाही. पुढे म्हणालो, की सरकारी मराठी वेगळं असतं, मला आता तितकंसं वाचता येत नाही, मी तुमच्या जागी असतो तर भाषांतर येईपर्यंत थांबलो असतो.

आयुष्यभर मी वाढवून बोललो. तेव्हा मात्र कमी करून बोललो. तीस शब्दसुद्धा नसतील. आणि बघा — हत्तीवर हसले, फॅनशॉवर मला थापाड्या म्हणाले, पण यावर मिसेस बीचमनी लगेच विश्वास ठेवला. "थँक यू, माइक. तू काळजीपूर्वक बोलतोस हे मला आवडलं."

वाचता येत नाही! शाळेत मराठीत पहिला यायचो मी. सातवीत मला त्यासाठी स्टीलचा डबा मिळाला होता.

कित्येक वर्षं मी स्वतःला सांगत होतो, की तू खोटं काही बोलला नाहीस, फक्त जबाबदारी घेतली नाहीस, परक्या देशात माणूस सावध असतो, चूक निघाली तर आपलीच मान अडकते. किती छान वाक्यं आहेत ना? पाठ होती मला. पण शुक्रवारचं काय? शुक्रवारी संध्याकाळी ऋजुताचा फोन आला. "दादा, माझ्या नावांवरून काहीतरी अडलंय. तिथे तुम्हीच एकटे मराठी वाचणारे. तुम्हाला विचारतील बहुतेक. सांगाल ना?" मी पायजम्यावर सोफ्यात बसलो होतो, माधवी शेजारी भेंडी चिरत होती. मी म्हणालो, "अगं, हे काय विचारणं झालं? विचारू देत की. असं समजावून सांगतो की मिसेस बीचम स्वतःचं नाव बदलून घेईल." ती हसली. माधवीपण हसली. आता ही कुठली सावधगिरी?

आणि शनिवार होता. रविवार होता. सोमवारी सकाळी मी मिसेस बीचमच्या दारावरून तीनदा गेलो. दार उघडं होतं. आत जाऊन म्हणायचं होतं, की मी काल रात्री नीट आठवून बघितलं, घरी बायकोचे कागद काढून बघितले, ते बरोबर आहे. इतकी वर्षं ज्या माणसानं हवेतून हत्ती काढले त्याला एवढं साधं निमित्त जमलं नसतं? जमलं असतं. एका दमात जमलं असतं. मी चहा घेतला आणि खोके मोजायला गेलो.

मंगळवारी जागा दुसऱ्याला दिली. रेडिंगचा एक मुलगा, चांगला होता. एजन्सीनं ऋजुताला कळवलं, की कागदपत्रांची खात्री होईपर्यंत आम्ही तुम्हाला दुसरीकडेही पाठवू शकत नाही. भाषांतर होऊन आलं एप्रिलच्या शेवटी. बरोबर तेच लिहिलेलं होतं. मला आधीच माहीत होतं काय लिहिलेलं आहे.

कॅन्टीनमध्ये कुणी मला पुन्हा हत्ती मागितला? मागितला. केननंच मागितला, जूनमध्ये. मी सांगितला. ते हसले. मी तुम्हाला खरं सांगतो — मला बरं वाटलं. हेसुद्धा लिहून ठेवतो, कारण हे गाळलं तर बाकी लिहिण्यात काय अर्थ आहे?

पण त्याआधीचा मे राहिला. निघायच्या चार दिवस आधी ऋजुता सामान द्यायला आमच्याकडे आली. प्रेशर कुकर, सईचा हिवाळी कोट, सोलापुरी चादरी, इस्त्री. मधल्या दोन महिन्यांत ती येत होती, जेवत होती, माधवीला कामात मदत करत होती. माझ्याशी पूर्वीसारखीच बोलायची — म्हणजे मला तसं वाटायचं. थोडं कमी बोलायची, पण ज्याच्या घरातलं सगळं उलटंपालटं झालंय तो माणूस कमीच बोलणार ना? असं मी समजून घेतलं होतं. समजून घेण्यात मी फार हुशार आहे.

माधवी वरच्या खोलीत रिकामी सूटकेस शोधत होती. अनिकेत बाहेर गाडीतून खोकी काढत होता. खाली आम्ही दोघंच. ती जमिनीवर बसून सईच्या कोटाची बटणं लावत होती, एकेक करून, घडी नीट बसावी म्हणून. मला ती शांतता पेलेना. मला शांतता कधीच पेलत नाही. मी तोंड उघडलं.

"फार वाईट झालं गं," मी म्हणालो. "माणसं किती मूर्ख असतात बघ. तिथे मी बसलेलो, मराठीत वाढलेला माणूस. त्या बाईनं एकदा, फक्त एकदा मला विचारलं असतं —"

तिनं शेवटचं बटण लावलं. कोट माझ्या हातात दिला.

"विचारलं होतं ना, दादा," ती म्हणाली. "मिसेस बीचमनी त्याच दिवशी सांगितलं मला. शुक्रवारी फोन केला तो त्यानंतरच."